तसबीर अटकेत, चौकट मोकाट : कम्युनिस्ट पोलंडातला देव, धर्म आणि माणसं

सांजवारा

१९६६ च्या सप्टेंबरात पोलंडच्या पोलिसांनी एक तसबीर पकडली. वाटेत गाडी अडवली, तसबीर ताब्यात घेतली, चेंस्तोहोव्याच्या यास्ना गुरा मठात नेऊन ठेवली. ती पुन्हा बाहेर पडू नये म्हणून मठातून निघणाऱ्या गाड्या तपासायला पहाराही बसवला. तसबीर कुणाची, तर काळ्या मरियामातेची. तीही मूळ नव्हे, नक्कल. मूळ चित्र त्याच मठात कित्येक शतकं आहे आणि ते पोलंडचं आराध्य दैवत.

ही नक्कल १९५७ पासून देशभर फिरत होती. प्रत्येक धर्मग्रामात (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) एक दिवस-रात्र मुक्काम, जागरण, मग पुढच्या गावी. कल्पना पोलिश कॅथलिक चर्चचे प्रमुख कार्डिनल व्हिशिन्स्कींची. सरकारने त्यांना १९५३ ते १९५६ अशी तीन वर्षं खटल्याशिवाय डांबून ठेवलं होतं, त्या काळात त्यांच्या डोक्यात हे शिजलं. पोलंडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो ९६६ साली, म्हणजे १९६६ ला हजार वर्षं होणार. तोवर नऊ वर्षं देशभर तयारी करायची. सरकारनेही मग आपली वेगळी सहस्राब्दी काढली, 'हजार वर्षांसाठी हजार शाळा' अशी घोषणा केली. (शाळा खरोखर बांधल्या, हे सांगायला हवं.) सोहळ्याला पोप सहावे पॉल येणार होते, त्यांना मात्र येऊ दिलं नाही. आणि तसबीर कोंडली.

मग चौकट फिरायला लागली. रिकामी.

ठरलेल्या गावी ठरलेल्या दिवशी मिरवणुकीने चौकट यायची, सोबत एक मेणबत्ती. लोक वेशीवर जायचे, कमानी उभारायचे, फुलं वाहायचे, रात्रभर त्या पोकळीपुढे गुडघे टेकून बसायचे. सकाळी चौकट पुढच्या गावाला. हे सहा वर्षं चाललं! १९७२ च्या जूनमध्ये एका पाद्र्याने दोन नन्सच्या मदतीने तसबीर मठातून गुपचूप बाहेर काढली आणि थेट रादोमला नेली. ती पुन्हा गावोगाव फिरू लागली आणि सरकारने, झालं गेलं, म्हणून डोळेझाक केली.

मला पोलिसांची कीव येते. तसबीर जप्त करता येते; रिकाम्या चौकटीवर कुठलं कलम लावणार? आणि चौकट रिकामी का आहे हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. सरकारविरोधी पत्रकं वाटून जे साधलं नसतं ते सरकारने स्वतःच्या हाताने करून दिलं.

दुसरी गोष्ट नोवा हुताची. क्राकुफ शहर जुनं, विद्यापीठवालं, धार्मिक. नव्या सरकारच्या डोळ्यांत ते खुपायचं. म्हणून १९४९ पासून त्याच्या उशाशी, मोगिवा, बिएंचित्से वगैरे गावांची कसदार जमीन घेऊन, एक आदर्श समाजवादी शहर वसवलं. प्रचंड पोलाद कारखाना, त्याला लेनिनचं नाव. रुंद रस्ते, कामगारांच्या इमारती, थिएटर, दवाखाने, बालवाड्या. चर्च तेवढं नाही. नव्या माणसाला त्याची गरज पडणार नव्हती. गोची अशी की हा नवा माणूस आला होता आजूबाजूच्या खेड्यांतूनच, आणि येताना आईने दिलेली जपमाळ घेऊन आला होता.

१९५६ नंतर वातावरण जरा सैल झालं तेव्हा चर्चला परवानगी मिळाली, जागा ठरली. मार्क्सच्या आणि मायाकोव्स्कीच्या नावाचे रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर लोकांनी लाकडी क्रूस रोवला. मग सरकारने शब्द फिरवला: इथे शाळा होईल. २७ एप्रिल १९६० ला सकाळी कामगार क्रूस उपटायला आले. सुरुवातीला आडव्या आल्या त्या बायका. दिवसा घरी, रस्त्यावर, दुकानांच्या रांगेत त्याच असायच्या. बघता बघता गर्दी जमली. कारखान्याची पाळी सुटली तसे पुरुष येऊन मिळाले. संध्याकाळी अश्रुधूर, पाण्याचे फवारे, दगडफेक, सरकारी कचेरीवर हल्ला, शेकडो अटका. नोकऱ्या गेल्या, तुरुंगवास झाला. पण क्रूस राहिला.

चर्चची परवानगी पुन्हा मिळाली ती १९६७ मध्ये, त्या जागेपासून जरा लांब, बिएंचित्सेला. मधल्या काळात तिथे नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा (कॅथलिक उपासना) उघड्यावर, बर्फात व्हायची. ती करायला क्राकुफचे तरुण बिशप यायचे, कारोल वॉयतिवा. चर्चला दहा वर्षं लागली. सरकारी पैसा नाही, सामान मिळवायची मारामार, बरंचसं काम लोकांनी सुट्टीच्या दिवशी स्वतः केलं. बाहेरच्या भिंतींना नदीतले गोटे लावलेत, सुमारे वीस लाख. देशभरातून लोकांनी आणून दिलेले. १५ मे १९७७ ला अभिषेक झाला. पुढच्याच वर्षी वॉयतिवा पोप झाले.

१९७९ ची पोपची पोलंडवारी सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. एकच सांगतो. सरकारी दूरदर्शनने कॅमेरे पोपवर रोखून ठेवले, समोरची गर्दी दिसू नये म्हणून. पण लाखो लोक तिथे स्वतः हजर होते, आपण किती आहोत ते त्यांना डोळ्यांनी दिसत होतं.

हे सगळं लिहिण्यामागे माझं म्हणणं असं: 'पोपने कम्युनिझम पाडला' ही कथा मला अर्धवट वाटते. पोलंडात आधी हलली ती खालची माणसं. चर्चचे वरिष्ठ बहुतेकदा मागून आले, सांभाळून आले, कधी तर हात धरून थांबवायला आले. लिथुआनिया, पूर्व जर्मनी यांबद्दल ज्यांना माहिती असेल त्यांनी भर घालावी.

---

मांडवीकाठ

सुरेख लिहिलंय. आमच्या गोव्यात सायबीण (मरियामातेची मूर्ती) घरोघरी फिरते, आज या घरी, उद्या त्या घरी, शेजारी जमतात, तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात, प्रसाद वाटतात. माझ्या आजीच्या घरी सायबीण यायची तेव्हा आठवडाभर आधीपासून साफसफाई चालायची. त्यामुळे ती रिकामी चौकट आल्यावर घरच्या बाईला काय वाटलं असेल याची थोडी कल्पना करू शकते. पाहुणी यायचीच होती, तिला वाटेत धरून नेली, तिचा पाट मात्र मांडायचा. हे राजकारण नाही हो, हे घरचं दुखणं आहे. सरकारला हेच कळलं नसावं.

---

निरीश्वर

लेख आवडला, पण भक्तिभाव जरा जास्त झालाय.

पोलंडमधले मोठे उठाव पोटासाठी झाले. जून १९५६, पोझनान: पगार आणि कामाचं प्रमाण. डिसेंबर १९७०, ग्दान्स्क आणि आसपासची बंदरं: नाताळच्या तोंडावर मटणाचे भाव वाढवले, कामगार रस्त्यावर आले, चाळीसहून जास्त माणसं गोळीबारात गेली. १९७६, रादोम: पुन्हा भाववाढ. १९८० चा संप सुरू झाला तो अन्ना वालेंतिनोविच या क्रेन चालवणाऱ्या बाईला निवृत्तीला काही महिने उरले असताना कामावरून काढलं म्हणून. यात मरियामाता कुठे आली? धर्म हा वरचा पोशाख होता. आत कामगार चळवळच होती, आणि ती 'कामगारांच्या राज्या'विरुद्ध होती ही खरी थप्पड. आम्हा डाव्यांना ती जास्त लागते, म्हणून सांगतो.

आणि चर्चचा हिशेबही मांडा. गृहखात्यात चर्चवर पाळत ठेवायला चौथा विभाग म्हणून स्वतंत्र खातं होतं आणि त्याला खबरे पाद्र्यांतूनच मिळत. २००७ मध्ये वॉर्साचे नवे आर्चबिशप विएल्गुस यांना पदग्रहणाच्या दिवशीच राजीनामा द्यावा लागला, कारण जुन्या गुप्त पोलिसांशी असलेला संबंध बाहेर आला. १९८९ नंतर याच चर्चने काय केलं? १९९० मध्ये शाळांत धर्मशिक्षण परत, १९९३ मध्ये गर्भपातावर कडक कायदा. २०२० मध्ये पोलिश बायका रस्त्यावर उतरल्या तेव्हा काही ठिकाणी मिस्सा चालू असताना चर्चमध्ये घुसून त्यांनी निषेध केला. नोवा हुताच्या त्या बायकांच्या नातीच असतील कदाचित.

---

सांजवारा

@निरीश्वर, शेवटचं वाक्य मार्मिक आहे. माझा त्याला विरोध नाही.

पोटाचा मुद्दा मान्य. पण १९७० आणि १९८० यांत काय फरक पडला ते पाहा. १९७० मध्ये कामगार फाटकाबाहेर पडले, पक्षाच्या कचेरीवर गेले, ती जाळली आणि गोळ्या खाल्ल्या. १९८० मध्ये ते बाहेर पडलेच नाहीत. ग्दान्स्कच्या लेनिन जहाजबांधणी कारखान्यात स्वतःला कोंडून घेतलं. दोन नंबरच्या फाटकावर पोपचा फोटो, काळ्या मरियामातेचं चित्र, फुलं. १७ ऑगस्टला, रविवारी, फाटकाशी मिस्सा झाली. आतले आत, त्यांची बायकापोरं बाहेर, मध्ये गज. फाटकाजवळ १९७० च्या मृतांसाठी लाकडी क्रूस रोवला. दारू बंद. पुढे सशस्त्र तुकड्या आणायच्या तर त्या मिस्सा ऐकणाऱ्या माणसांवर आणाव्या लागल्या असत्या. पोशाख म्हणा हवं तर, पण त्या पोशाखाने अंगावरचा वार चुकवला.

३१ ऑगस्टला करार झाला तेव्हा संपाचा नेता लेक वालेसाने पोपचं चित्र असलेल्या भल्यामोठ्या पेनाने सही केली. कामगारांच्या २१ मागण्यांत प्रसारमाध्यमं सर्व धर्मपंथांना खुली करा ही मागणीही होती, आणि सप्टेंबरपासून सरकारी रेडिओवर रविवारची मिस्सा सुरू झाली, ती आजही लागते.

आता वरिष्ठांचं. २६ ऑगस्टला, संप ऐन भरात असताना, व्हिशिन्स्की यास्ना गुराला बोलले. सूर सबुरीचा: शांतता राखा, कामाची जबाबदारी विसरू नका. सरकारी दूरदर्शनने त्यातला सोयीचा भाग आनंदाने दाखवला. कामगारांनी ऐकून घेतलं आणि संप चालू ठेवला. कार्डिनलवरची श्रद्धा तसूभर कमी झाली नाही, फक्त त्यांचं ऐकलं नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांशी आपण नाही का असंच वागत!

---

जुनाखोडकर

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. निरीश्वर विरुद्ध रिकामी चौकट.

---

कडूलिंब

सांजवारा, तुमच्या मुद्द्यात एक भोक आहे. चौकट फिरवायची हे ठरवलं कुणी? व्हिशिन्स्कींनीच. तारखा, मुक्काम, कुठल्या धर्मग्रामातून कुठे जायचं, हे सगळं चर्चच्या यंत्रणेने आखलं. त्या यंत्रणेशिवाय खालची माणसं काय करणार होती? पोलंडात १९४५ नंतर सगळ्या संस्था पक्षाच्या ताब्यात गेल्या: संघटना, वृत्तपत्रं, विद्यापीठं, अगदी बालवीरांची पथकंसुद्धा. एकच संस्था उरली जिच्याकडे देशभर स्वतःच्या इमारती होत्या, स्वतःची माणसं होती आणि जिचा प्रमुख परदेशात बसत होता. १९६१ मध्ये शाळांतलं धर्मशिक्षण बंद केलं तर चर्चने गावोगाव खोल्या मिळवून तिथे मुलांना शिकवायला सुरुवात केली. हे आपोआप होत नाही.

आणि ते छत्र नास्तिकांनाही मिळालं. मे १९७७ मध्ये अटकेतल्या कामगारांच्या आणि त्यांना मदत करणाऱ्यांच्या सुटकेसाठी उपोषण झालं ते वॉर्सातल्या सेंट मार्टिन चर्चमध्ये. उपोषणाला बसलेल्यांत श्रद्धाळू होते, तसे देव न मानणारेही. बाहेर रस्त्यावर बसले असते तर तासाभरात उचलले असते.

तुमच्या 'खालच्या माणसांना' डोक्यावर छप्पर वरच्यांनीच दिलं.

---

अक्षरवेल

लिथुआनियाची भर घालते.

तिथली परिस्थिती पोलंडपेक्षा वाईट. पोलंड निदान वेगळा देश होता. लिथुआनिया थेट सोव्हिएत संघात गिळला गेलेला. शिउलेई शहराजवळ एक टेकाड आहे, त्यावर लोक पूर्वापार क्रूस रोवत आले. एप्रिल १९६१ मध्ये बुलडोझर आणले. लाकडी क्रूस जाळले, लोखंडी भंगारात घातले, दगडी फोडले, पुरले. लोकांनी रात्री येऊन नवे रोवले. पुन्हा १९७३ ला साफ केलं, पुन्हा १९७५ ला. रस्ते अडवले, पहारे बसवले. पहाटे बघावं तर टेकाडावर क्रूस. आज तिथे इतके आहेत की मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

पण मला टेकडीपेक्षा जास्त आवडतं ते त्यांचं 'वृत्त'. लिथुआनियातल्या कॅथलिक चर्चचा वृत्तांत, मार्च १९७२ ला पहिला अंक निघाला. छापखाना नाहीच. टाइपरायटरवर कार्बन घालून प्रती काढायच्या. ज्याच्या हाती पडेल त्याने वाचून आणखी प्रती काढायच्या. मजकूर अगदी कोरडा: अमुक शाळेत अमुक मुलीला चर्चमध्ये जाते म्हणून वर्गापुढे उभं केलं, अमुक गावी पाद्र्याला मुलांना धर्माची प्रश्नोत्तरी शिकवली म्हणून एक वर्ष शिक्षा. नाव, गाव, तारीख. विशेषणं नाहीत, शिव्याशाप नाहीत. ते अंक चोरून बाहेर जायचे आणि व्हॅटिकन रेडिओवरून लिथुआनियन भाषेत परत देशात ऐकू यायचे. केजीबीने, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांनी, लोक पकडले, पण १९८९ पर्यंत ८१ अंक निघाले.

नियोले सादूनाइते या ननला १९७४ मध्ये पकडलं तेव्हा अकरावा अंक टाइप करणं चालू होतं. नन्सच्या मठांवर बंदी असल्याने ही नन वरकरणी साधी नोकरदार बाई. तीन वर्षं छावणी आणि तीन वर्षं सायबेरियात हद्दपारी. कोर्टात तिने गयावया केली नाही, उलट हा दिवस आपल्या आयुष्यातला आनंदाचा आहे म्हणाली.

आणि १९७२ मध्येच १७,०५४ लोकांनी स्वतःच्या सहीनिशी सोव्हिएत प्रमुख ब्रेझनेव्हच्या नावे निवेदन दिलं, संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांमार्फत. सही म्हणजे नोकरी, घर, मुलाचं कॉलेज, सगळं पणाला. कडूलिंब, इथे तर बिशपच हद्दपार नाहीतर गप्प बसवलेले. छप्पर कुणी दिलं?

---

कडूलिंब

@अक्षरवेल, खेड्यातल्या पाद्र्यांनी. तो 'वृत्तांत' सुरू करणारे सिगितास ताम्केविचुस हे गावचे पाद्रीच होते, १९८३ मध्ये त्यांना अटक झाली. वरचे म्हणजे बिशपच असं मी म्हटलं नव्हतं. पण तुमचं उदाहरण भारी आहे, मान्य.

---

बर्लिनकर

लाइपझिगमध्ये काही वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं.

पूर्व जर्मनीचं गणित उलटं. देश मूळचा प्रोटेस्टंट, चाळीस वर्षांत बहुतेक लोक चर्चपासून तुटलेले. म्हणजे पोलंडसारखी श्रद्धेची लाट नाही. तरी निकोलाय चर्चमध्ये १९८२ पासून दर सोमवारी शांततेसाठी प्रार्थना व्हायची. येणारे बरेचसे श्रद्धाळू नव्हतेच. देश सोडायचा अर्ज केलेले, पर्यावरणवाले, सैन्यात जायला नकार देणारी पोरं. 'सर्वांसाठी खुलं' अशी पाटीच होती.

९ ऑक्टोबर १९८९ चा सोमवार. दवाखान्यांत जादा रक्त साठवल्याच्या बातम्या, पोरांना शाळेतून लवकर घरी न्या अशा सूचना. पक्षाने आपले शेकडो सदस्य दुपारीच चर्चमध्ये नेऊन बसवले, बाकं अडवायला, म्हणजे निदर्शकांना जागाच मिळू नये. ते बिचारे दोन-तीन तास बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी येशूचं पर्वतावरचं प्रवचन ऐकलं! प्रार्थना संपून बाहेर येतात तो चौक माणसांनी भरलेला. त्या रात्री सुमारे सत्तर हजार लोक शहराच्या वळणरस्त्यावरून चालले. हातात मेणबत्त्या. मेणबत्ती विझू नये म्हणून दुसरा हात आडोशाला धरावा लागतो, मग दगड कुठल्या हाताने उचलणार? गोळी सुटली नाही. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली.

निरीश्वर, तुमच्यासाठी: तिथे आता रविवारी चर्चमध्ये जेमतेम माणसं असतात. पर्यटक भरपूर.

---

कोचीतला कोकणी

आपल्याकडचं उदाहरण कसं काय कुणाला आठवलं नाही? केरळ, १९५७, नंबुद्रिपादांचं कम्युनिस्ट सरकार. शिक्षण विधेयक आलं, चर्चच्या शाळांवर नियंत्रण येणार म्हणून कॅथलिक चर्च आणि नायर सेवा संस्था एकत्र आले, विमोचन समरम (मुक्तिलढा) झालं, जुलै १९५९ च्या अखेरीस केंद्राने सरकार बरखास्त केलं.

---

निरीश्वर

@कोचीतला कोकणी, ही भेसळ नको. तिथे निवडून आलेलं सरकार होतं, कोर्टं चालू, वर्तमानपत्रं चालू, चर्च छापेल ते छापू शकत होतं. आणि शिक्षकांना वेळेवर पगार मिळावा म्हणून आणलेल्या विधेयकाविरुद्ध संस्थाचालक उठले होते. नोवा हुताच्या बायकांना या रांगेत बसवू नका. बघा, मीच त्यांची बाजू घेतोय.

---

सांजवारा

निरीश्वरांशी सहमत, केरळचा वेगळा धागा काढा. काढलात तर येईन, तिथलं भांडण जास्त रंगेल.

कडूलिंब, यंत्रणेचा मुद्दा वजनदार आहे आणि तो पोपिएवुश्कोच्या गोष्टीत नीट तपासता येतो.

येझी पोपिएवुश्को हा वॉर्साच्या झोलिबोश भागातला साधा सहायक पाद्री. तब्येतीने किरकोळ. ऑगस्ट १९८० मध्ये वॉर्साच्या पोलाद कारखान्यातल्या संपकऱ्यांना मिस्सेसाठी पाद्री हवा होता, हा गेला. तिथून कामगारांचाच झाला. १३ डिसेंबर १९८१ ला सत्तेवरच्या जनरल यारुझेल्स्कींनी मार्शल लॉ (लष्करी कायदा) लावला, सॉलिडॅरिटीचे, म्हणजे १९८० च्या संपातून उभ्या राहिलेल्या स्वतंत्र कामगार संघटनेचे, हजारो लोक आत टाकले. हा दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी 'मायभूमीसाठी मिस्सा' करू लागला. चर्चमध्ये मावत नसत, आजूबाजूच्या रस्त्यांवर कर्ण्यांतून ऐकत. बंदी घातलेले नट तिथे कविता म्हणत. प्रवचनात तो बायबलमधल्या रोमकरांस पत्रातलं एक वाक्य पुन्हा पुन्हा सांगे: वाइटाला चांगल्याने जिंक.

कार्डिनल ग्लेम्प, म्हणजे व्हिशिन्स्कींचे वारस, यांना हा प्रकार झेपत नव्हता. मार्शल लॉ लागला त्याच दिवशी त्यांनी प्रवचनात विनवलं होतं की पोलिश माणसाने पोलिश माणसाशी लढू नये, माणसं वाचवा. सरकारने ते रेडिओवरून पुन्हा पुन्हा वाजवलं. (त्यांच्या जागी मी असतो तर काय बोललो असतो कुणास ठाऊक, रणगाडे खरेच रस्त्यावर होते.) पोपिएवुश्कोला शिकायला रोमला पाठवावं असं घाटत होतं, जीव वाचवायला म्हणा की कटकट टाळायला. तो गेला नाही. सरकारचा प्रवक्ता येझी उर्बान त्याच्या मिस्सांना टोपणनावाने लिहून 'द्वेषाचे प्रयोग' म्हणत होता.

१९ ऑक्टोबर १९८४ च्या रात्री तोरुन्यजवळ त्याची गाडी अडवली. अडवणारे तिघे गृहखात्याचे अधिकारी, त्याच चौथ्या विभागातले. त्याला मारहाण करून गाडीच्या डिकीत कोंबलं. चालकाला बेड्या घालून त्यांच्या गाडीत बसवलं होतं, त्याने धावत्या गाडीतून उडी टाकली. तो वाचला म्हणून जगाला कळलं, नाहीतर एक पाद्री बेपत्ता एवढीच बातमी झाली असती. ३० ऑक्टोबरला विस्तुला नदीच्या धरणातून देह काढला. वय ३७. ३ नोव्हेंबरच्या अंत्यविधीला लाखो लोक आले आणि वॉर्सात एक काच फुटली नाही. सरकारला आपल्याच अधिकाऱ्यांवर उघड खटला चालवावा लागला. कॅप्टन पिओत्रोव्स्कीला २५ वर्षांची शिक्षा झाली.

चर्चची इमारत होती म्हणून पोपिएवुश्को बोलू शकला, हे तुमचं खरं. वरिष्ठांच्या सल्ल्याप्रमाणे तो वागला असता तर त्या इमारतीत लोक जमले नसते, हे माझं खरं.

---

तांबडापांढरा

अहो, पोलंडचा एवढा मोठा धागा आणि वळिवड्याचं नाव नाही? कोल्हापूरकर म्हणून निषेध!

१९३९ मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंड घेतला आणि १९४० पासून लाखो पोलिश माणसं गुरांच्या डब्यांतून सायबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकली. हिटलरने १९४१ मध्ये रशियावर चाल केल्यावर स्टॅलिनला दोस्तांची गरज पडली, तेव्हा त्यातल्या काहींची सुटका झाली. ती मंडळी इराणमार्गे इकडे आली. जामनगरजवळ बालाचडीला मुलांची छावणी, आणि कोल्हापूरजवळ वळिवड्याला मोठी वसाहत, १९४३ ते १९४८. सुमारे पाच हजार लोक, बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, दवाखाना, थिएटर आणि अर्थातच चर्च. ज्या राजवटीने चर्चं बंद केली तिच्या तावडीतून सुटून पंचगंगेच्या काठी आल्यावर त्यांनी उभारलेल्या पहिल्या गोष्टींत चर्च होतं. युद्ध संपल्यावर बऱ्याच जणांना मायदेशी जायचं नव्हतं, कारण त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती आणि उरलेल्या पोलंडात तीच राजवट येत होती. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कुठे कुठे पांगले.

नंतर तिथे फाळणीतले सिंधी निर्वासित आले. आजचं आपलं गांधीनगर, लग्नाचा बस्ता बांधायला जातो ते. महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ आहे, बागेत भेळ खाताना कधी वाचला नसेल तर वाचा. वॉर्सातही वळिवडे-कोल्हापूर छावणीचं स्मारक आहे.

---

मांडवीकाठ

गांधीनगरला किती वेळा गेलेय, हे माहीतच नव्हतं! धन्यवाद.

सांजवारा, मार्शल लॉच्या काळातल्या फुलांच्या क्रूसाबद्दल कुठेतरी ऐकलं होतं. ते काय प्रकरण?

---

सांजवारा

@मांडवीकाठ, व्हिशिन्स्की मे १९८१ मध्ये गेले. वॉर्साच्या विजय चौकात त्यांची शवपेटी ठेवली होती, त्या जागी लोक फुलं वाहू लागले आणि फुलांचाच मोठा क्रूस झाला. मार्शल लॉमध्ये जमाव करणं गुन्हा, पण फूल ठेवून पुढे जाणाऱ्याला काय म्हणणार? मग फुलांत सॉलिडॅरिटीचे बिल्ले, चिठ्ठ्या, मेणबत्त्या दिसायला लागल्या. पोलीस रात्री येऊन सगळं झाडून न्यायचे. सकाळी कामावर जाणाऱ्या बायका पिशवीतून दोन-दोन फुलं काढायच्या, दुपारपर्यंत क्रूस पुन्हा तयार. शेवटी दुरुस्तीच्या नावाखाली चौकालाच कुंपण घातलं. तर लोकांनी क्रूस थोड्या अंतरावर सेंट अ‍ॅन चर्चच्या दारात हलवला.

शाळांतही तेच. १९८४ च्या मार्चमध्ये मिएंत्ने गावच्या शेतकी शाळेत वर्गांतले क्रूस काढले म्हणून मुलं शाळेत ठाण मांडून बसली. सोळा-सतरा वर्षांची पोरं. त्यांना कुठल्या कार्डिनलने बसवलं नव्हतं.

---

जुनाखोडकर

पॉपकॉर्न संपले. एक शंका: त्या नोवा हुतात लेनिनचा पुतळा असेलच. त्याचं काय झालं?

---

सांजवारा

होता तर! १९७३ मध्ये बसवला, भलामोठा, चालत निघालेला लेनिन. १९७९ मध्ये कुणीतरी त्याच्या पायाशी स्फोट केला, टाच तेवढी उडाली. १९८९ च्या डिसेंबरात क्रेनने उचलला. पुढे तो एका स्वीडिश माणसाने विकत घेऊन आपल्या मनोरंजन उद्यानात नेला, काउबॉय-रेड इंडियनवाल्या. आणि तिथल्या मुख्य चौकाला आता रोनाल्ड रेगनचं नाव आहे.

---

निरीश्वर

म्हणजे कारखाना लेनिनचा, चौक रेगनचा. ज्यांनी डोकी फोडून घेतली त्या कामगारांच्या नावाचं काही आहे का तिथे?

---

सांजवारा

आहे. त्या चौकातून कारखान्याच्या फाटकाकडे जाणारा रस्ता पूर्वी लेनिनच्या नावाचा होता, आता सॉलिडॅरिटीच्या नावाचा आहे. आणि बिएंचित्सेच्या त्या गोट्यांच्या चर्चजवळ बोग्दान व्वोशिकचं स्मारक आहे. कारखान्यातला वीस वर्षांचा कामगार. सॉलिडॅरिटीवर कायमची बंदी आली त्याच्या निषेधाच्या दिवशी, १३ ऑक्टोबर १९८२ ला, साध्या कपड्यातल्या गुप्त पोलिसाने त्याला तिथेच गोळी घातली.

कडूलिंब, विएल्गुस प्रकरणावर आणि खबऱ्या पाद्र्यांवर तुम्ही लिहिणार असाल तर इथेच लिहा, नवा धागा नको.

---

कडूलिंब

रविवारी लिहितो. मोठं होईल.